रागाला पत्ता हवा

सकाळचा चहा संपायच्या आत आपल्या घरांतून चार-पाच बातम्यांचा निकाल लागलेला असतो. आजोबांनी अमेरिकेच्या आयातशुल्कावर मत दिलेलं असतं. वडिलांनी विधानसभेतल्या गोंधळाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकून खाली दोन कडक ओळी लिहिलेल्या असतात. आईने ‘हे पदार्थ खाऊ नका’ असा माहेरच्या ग्रुपवर आलेला इशारा सासरच्या ग्रुपवर पोचवलेला असतो, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीने कुठल्याशा अत्याचाराच्या बातमीखाली लालबुंद चेहरा उमटवलेला असतो. यातलं कुणीही ढोंग करत नाही. राग खरा असतो, भीती खरी असते, काळजीही खरीच असते. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकताना या सगळ्या मतांचं काय झालं, ती कुणापर्यंत पोचली, कुणाला त्यांचं उत्तर द्यावं लागलं, असं विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं.

लोक बोलत नाहीत, समाज बधिर झाला आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. आपला समाज आज जेवढा बोलतो तेवढा कधीच बोलत नव्हता. दुखणं वेगळं आहे. जिथे आपल्या शब्दाला काडीचंही वजन नाही तिथे आपण सगळा जोर लावतो, आणि जिथे आपल्या एका प्रश्नाने कागद हलतो तिथे आपण गप्प असतो. आपल्या रागाला पत्ता उरलेला नाही.

हे सगळं आधी छान होतं आणि मोबाइलने बिघडवलं, असं मात्र मला म्हणायचं नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये गोपाळ हरी देशमुखांची, म्हणजे लोकहितवादींची, पत्रं छापून येऊ लागली; पुढे ती शतपत्रं म्हणून ओळखली गेली. चालू घडामोडींवर आणि घरातल्या रीतीभातींवर मराठी माणसाने जाहीरपणे दिलेली ती सुरुवातीची प्रतिक्रिया. पण त्या काळी लिहिणारे कोण होते? शिकलेले, बहुतेक वरच्या जातींतले, आणि पुरुष. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये आला, तेव्हा तो इतका वेगळा ठरला याचं कारण तिच्यासारख्या हजारोंना बोलायला जागाच नव्हती. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं ही स्थिती फारशी बदलली नाही. संपादकाच्या टेबलावर ज्याचं पत्र टिकेल त्याचं मत जगाला कळणार. बाकीच्यांनी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या ऐकायच्या आणि कामाला लागायचं.

त्यामुळे ऊसतोडीला गेलेली बाई फडातून व्हिडिओ काढून मुकादमाची दमदाटी गावाला दाखवू शकते, पाड्यावरचा तरुण खड्ड्यांतून झोळीत न्यावी लागलेली गरोदर बाई सगळ्या राज्याला दाखवू शकतो, ही मिळकत मोठी आहे. ती मोडीत काढून पुन्हा संपादकाच्या टेबलाकडे जावं, असं कुणी म्हणू नये. मी तर मुळीच म्हणणार नाही.

पण त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप घडत होती, आणि ती आपण गमावली. बातमी कानावर येणं आणि आपण काही बोलणं यांच्या मध्ये वेळ होता. त्या वेळात बातमीची शहानिशा व्हायची. शेजारचा म्हणायचा, अहो, मी कालच तिकडून आलो, तसं काही नाही. पत्र लिहायला बसलं की कुणाला लिहायचं, हे आधी ठरवावं लागायचं. ‘मा. संपादक यांस’ किंवा ‘मा. तहसीलदार साहेब यांस’, वरची ओळ लिहिल्याशिवाय खालचा मजकूर सुरूच व्हायचा नाही. आज मजकूर आधी असतो, तो कुणाला याचा विचार करायची गरज पडत नाही. तो सगळ्यांना असतो, म्हणजे कुणालाच नसतो.

मधला वेळ गेल्यावर काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून जगणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा मजकुरांचा आणि व्हिडिओंचा त्या दिवसांत सुळसुळाट होता. त्यातला देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या चित्रफितीतून घेतलेला होता. मुलाला परत आणून सोडतानाचा आणि पालकांना सावध करणारा शेवटचा भाग कापून तो पसरवला गेला होता. बाजारात या पाच जणांवर संशय घेतला गेला, आरडाओरडा झाला, जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. राईनपाड्याची आठवण काढताना आपण अफवेबद्दल बोलतो, जमावाबद्दल बोलतो, व्हॉट्सॲपबद्दल बोलतो. त्या खोलीबद्दल फार कमी बोलतो. गावाने बसून बोलायची, प्रश्न विचारायची, एखाद्या अनोळखी माणसाकडे ओळखपत्र मागायची, पोलीस ठाण्याला फोन लावायची जी जागा, तीच मारण्याची जागा झाली. त्या लोकांच्या मनातली मुलांबद्दलची भीती खोटी नव्हती. ती भीती विचारायला, तपासायला, कुणाच्या तरी हवाली करायला गावात व्यवस्था होती, पण त्या दुपारी तिचा उपयोग करावा असं पुरेशा लोकांच्या मनात आलं नाही. तोवर महिनाभर फोनने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: मजकूर आला की लगेच काहीतरी कर.

त्यानंतर उपाय झाले. व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविरोधात प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन आलं. हे सगळं गरजेचं होतं. पण त्याच एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले; तिथेही चोर आणि मुलं पळवणारे आल्याच्या अफवा आधी फिरल्या होत्या. मजकुराचा वेग कमी करता येतो. माणसाला थांबून विचारायची सवय लावणं हे कंपनीचं काम नाही, ते तिच्याकडून होणारही नाही.

एवढं टोक रोज गाठलं जात नाही, हे खरं. रोज जे घडतं ते सौम्य असतं, आणि म्हणूनच नजरेतून सुटतं. त्याचं जे उदाहरण मला सर्वांत जास्त छळतं ते पुण्याचं आहे.

महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या मुदती २०२० पासून एकामागून एक संपल्या. मुंबईची ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्याच महिन्यात. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे बदलते नियम आणि न्यायालयातली प्रकरणं यांत निवडणुका अडकल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या घ्यायला सांगितलं आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. म्हणजे मुंबई-पुण्यात जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं. ते प्रशासनानेच मांडलं आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केलं. स्थायी समितीत कुणी हात वर केला नाही, कारण स्थायी समितीच नव्हती.

या चार वर्षांत आपल्या घरांतून कशावर वाद झाले ते आठवून पाहा. युक्रेनवर झाले, गाझावर झाले, ट्रम्प यांच्यावर झाले, कुठल्या आमदाराने कुणाची साथ सोडली यावर तर महिनोन् महिने झाले. भावाभावांत अबोला आला, माणसं घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली. आपल्या शहरात निवडून दिलेला एकही माणूस उरलेला नाही, यावरून कुणाच्या घरात ताटावरचं जेवण थांबलं असेल असं मला वाटत नाही.

आता सिंहगड रस्त्याकडे या. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं ३० जून २०२१ ला आणखी वीस गावांबरोबर पुणे महापालिकेत घेतली गेली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. महापालिकेची मुदत पुढे नऊ महिन्यांत संपली आणि निवडणूक झाली नाही, त्यामुळे नगरसेवक आलाच नाही. या गावांना आपल्या पाण्याबद्दल विचारायला गावपातळीवर निवडून दिलेला एकही माणूस साडेचार वर्षं नव्हता. त्या भागात टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्या, माणसं वाढत गेली, आणि नांदेडच्या विहिरीतून येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन घालून लोकांच्या नळाला येत राहिलं.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यातून जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण येऊ लागले. आधी जुलाब, उलट्या. मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे वाकणं, हातातून पेला सुटणं. काहींना थेट व्हेंटिलेटर. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि काही जण दगावले.

तेव्हाची प्रतिक्रिया कशी होती? पनीर खाऊ नका, चिकन खाऊ नका, शिळा भात खाऊ नका, अमुक काढा घ्या. पुण्यातल्या पुण्यात, लांबच्या पेठांतही, पनीर आणायचं थांबलं. ज्यांना परवडत होतं त्यांनी पाण्याचे जार वाढवले, टँकर मागवले, घरात फिल्टर बसवला. ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी पाणी उकळलं आणि गॅस लवकर संपला. प्रत्येक घराने आपापल्या उंबरठ्याच्या आत जे करता येईल ते केलं, आणि त्यात चूक काहीच नाही. आजारी पडायला कुणालाच आवडत नाही. पण आपल्या पाण्यात क्लोरीन किती आहे, ते रोज कोण मोजतं, कुठल्या वहीत लिहितं, ती वही आम्हाला दाखवा, हा प्रश्न घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलेले लोक थोडे होते. जे गेले त्यांना बसायला सभाही नव्हती आणि जाब विचारायला आपण निवडून दिलेला माणूसही नव्हता. संतापाची कमी नव्हती, तो नेऊन ठेवायला जागा नव्हती. आणि साडेतीन वर्षं ती जागा नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. फक्त आपल्या नळाचं आणि गटाराचं बघायचं का? देशात, जगात अन्याय होत असेल तर गप्प बसायचं? असं केलं तर माणूस आपल्या गल्लीएवढाच होऊन बसेल. मला हे मान्य आहे. लांबच्या दुःखाने आपलं मन हललंच पाहिजे. कोकणातल्या माणसाला गडचिरोलीचं काही वाटणार नसेल तर महाराष्ट्र नावाचं काही उरणारच नाही. पण लांबच्या बातमीवरचा राग कामाला येतो तेव्हा तो कसा येतो, तेही पाहिलं पाहिजे.

ताजं उदाहरण पहिलीपासूनच्या हिंदीचं. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढून पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा केली. १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली, पण लोकांचं समाधान झालं नाही. २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. यात राजकीय पक्षांचा वाटा मोठा होता, मोर्चाचा दिवस ठरला होता, हे सगळं खरं. तरी मला त्यात जे महत्त्वाचं वाटलं ते वेगळं. लोकांच्या हातात शासन निर्णयाची प्रत होती. शिक्षक, पालक, लेखक, शाळांचे मुख्याध्यापक तारखेनिशी, कलमानिशी बोलत होते. दुसऱ्या निर्णयात शब्द बदलले तरी व्यवहारात फरक पडत नाही, कारण वर्गात वेगळ्या भाषेसाठी किमान वीस मुलांची अट आहे, हे साध्या पालकांनाही ठाऊक झालं होतं. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात काय पडणार, हा प्रश्न घराने थेट मंत्रालयाला विचारला आणि मंत्रालयाला त्याचं उत्तर द्यावं लागलं. त्या दिवसांत ग्रुपवर आलेल्या मजकुरांचा उपयोग झाला, कारण ते मजकूर कुणाला तरी उद्देशून होते. बातमी लांबची की जवळची हा मुद्दाच नाही. तुम्ही कुणाला काय मागताय, हे तुम्हाला माहीत आहे का, एवढाच मुद्दा आहे.

आता घरात येऊ. कारण पत्ता नसलेली प्रतिक्रिया सर्वांत जास्त नुकसान घराचं करते, असं माझं मत आहे.

‘डिजिटल अटक’ नावाची फसवणूक गेल्या दोन-तीन वर्षांत घराघरांत पोचली. पोलिसाच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे म्हणतो आणि कॉल बंद करू देत नाही. तासन् तास, कधी दिवसचे दिवस. शेवटी आयुष्याची पुंजी कुठल्यातरी खात्यात जाते. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर सावध केलं, १९३० हा मदतक्रमांक सगळीकडे सांगितला जातो. तरी माणसं फसतात आणि त्यांत निवृत्त शिक्षक, बँकेचे अधिकारी, डॉक्टरसुद्धा असतात. या फसवणुकीत चोराची पहिली अट नेहमी एकच असते: घरात कुणाला सांगायचं नाही. ही अट इतक्या सहज पाळली जाते, याचा आपण विचार करायला हवा. शेजारच्या खोलीत मुलगा असतो, सून असते. ज्या घरात रोज रात्री देशाच्या भवितव्यावर आवाज चढतो, त्या घरात मला भीती वाटते आहे हे एक साधं वाक्य बोलायला सत्तर वर्षांच्या माणसाला जागा सापडत नाही. आपण ऐकून घेऊ की पुन्हा ‘तुम्हाला मोबाइल कळत नाही’ असं म्हणू, याची त्याला खात्री नसते. जगातल्या प्रत्येक बातमीवर बोलणारं घर एकमेकांशी बोलत असेलच असं नाही.

मुलं हे सगळं बघत असतात. आपल्या पानावर वाढलेल्या भाजीबद्दल न बोलता फोनकडे बघत कुणाला तरी शिव्या देणारा बाप त्यांना राजकारणाबद्दल काय शिकवतो? राजकारण म्हणजे ओरडणं, आणि ओरडून काही होत नाही. हेच दोन धडे घेऊन ती मोठी होतात आणि अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव घालायचा कंटाळा करतात. मग आपण नव्या पिढीला नावं ठेवतो.

याच्या उलट काय करता येतं, हे महाराष्ट्रातल्या दोन गावांनी एकाच वर्षी दाखवलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. करोनात माणसं गेली, तरुण बायका मागे राहिल्या. नवरा गेला की चितेपाशी तिच्या कपाळावरचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. त्या दिवसांत हे दृश्य गावोगाव वारंवार दिसलं. या प्रथेवर हळहळणारे मजकूर फोनवर कमी आले नव्हते. हेरवाडने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात ही विधवा प्रथा बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून प्रत्येक घरातली सासू दुसऱ्या दिवशी बदलत नाही, हे गावालाही माहीत आहे. पण आता एखादी बाई कुंकू लावून बाहेर पडली आणि कुणी तोंड वाकडं केलं तर तिच्या बाजूला गावाचा ठराव आहे. घराच्या चार भिंतींतलं दुःख गावाच्या वहीत नोंदलं गेलं, याचं मोल फार मोठं आहे.

दुसरं सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. टाळेबंदीत शिक्षणासाठी म्हणून पोरांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. घराघरात कटकट सुरू झाली. ही तक्रार कुठल्या घरात नाही? वडगावने ती घरातल्या भांडणात विरू दिली नाही. आधी गावात हा विषय निघाला तेव्हा पुरुष हसले. मग बायकांना बोलावून बैठक घेतली. मालिकांच्या नादी आपणही लागलोय, हे बायकांनी कबूल केलं आणि गावाने ठरवलं तर आम्ही टीव्ही बंद ठेवू असं सांगितलं. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, फोन बाजूला. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी चक्कर टाकू लागले. एका घराने एकट्याने हे करायचं म्हटलं तर आठवड्यात मोडतं, कारण शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येतं. सगळ्या गावाचा टीव्ही बंद झाला की पोराला ‘फक्त मलाच का’ म्हणता येत नाही.

या दोन्ही ठिकाणी सुरुवात बातमीपासून आणि घरातल्या त्रासापासूनच झाली, आपल्यासारखीच. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. ते सभेत गेले.

ग्रामसभा आपल्याकडे वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. कित्येक गावांत ती कागदावर होते, शिपाई वही घेऊन घरोघरी सह्या गोळा करतो आणि गणपूर्ती झाल्याचं लिहिलं जातं. ती वही परत करून ‘सभा घ्या, मग सही करतो’ म्हणणं ही मला आजच्या घडीला फार मोठी राजकीय कृती वाटते. शहरात तर तेवढंही नाही. प्रभागातल्या नागरिकांची क्षेत्रसभा घ्यायची तरतूद कायद्यात येऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला, पण ती घ्या असा आग्रह धरणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये आला. २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून जिल्हा आणि स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू द्यायला सांगितलं. अर्ज नाही, शुल्क नाही, जाऊन फाईल बघायची. ही गोष्ट आपल्या किती घरांत ठाऊक आहे? आणि सोमवारी दुपारी आपण फोनवर किती वेळ असतो?

कामाच्या वेळेत कोण जाणार, हा अडथळा खराच आहे. रोजंदारीवरच्या माणसाला दोन तास सोडणं म्हणजे अर्धी मजुरी सोडणं. म्हणून हे काम ज्यांना वेळ आहे त्यांनी आधी उचलायला हवं: निवृत्त झालेल्यांनी, घरून काम करणाऱ्यांनी, सोसायटीच्या कमिटीत बसणाऱ्यांनी. सकाळी तासभर जगाच्या राजकारणावर लिहिणारे बहुतेक हेच लोक आहेत. त्यांच्याकडे भाषा आहे, वाचनाची सवय आहे, अधिकाऱ्याशी न घाबरता बोलण्याची धमक आहे. ही सगळी ताकद निनावी वादांत खर्ची पडते, याचं मला वाईट वाटतं.

आता शहरांत नगरसेवक आहेत. १५ जानेवारीला मुंबईत निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांनी मतदान केलं, आणि त्या दिवशी घराघरांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती मार्कर पेनने बोटावर लावलेली शाई पुसली जाते, या तक्रारीची. शाईचा प्रश्न विचारायलाच हवा होता. पण नांदेड-किरकटवाडीच्या लोकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा महापालिकेसाठी मत दिलं, याची चर्चा त्याच्या शतांशानेही झाली नाही. पाण्याची ती वही मागायला त्यांना आता एक माणूस मिळाला आहे. तो ती आणून दाखवतो का, हे पुढच्या पाच वर्षांत आपल्यालाच बघावं लागेल.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आज रात्री जेवायला बसल्यावर घरातल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: आपल्या प्रभागाचे नगरसेवक किंवा गावचे सरपंच कोण, आपल्या नळाला येणारं पाणी कुठे शुद्ध होतं, आणि या आठवड्यात कुणाला कशाची भीती वाटली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येत नसतील तर ती सोमवारी दुपारी तीनच्या पुढे कार्यालयात जाऊन विचारा. तिसऱ्याचं उत्तर मात्र फोन बाजूला ठेवून तिथेच ऐकून घ्या.